विळखा कोणाचा?

पेडणे असो की डिचोली, कुळागरात किंवा काजूच्या बागायतीत अजगर दिसला की तासाभरात त्याचा व्हिडिओ गावभर फिरतो. वर लिहिलेलं असतं, 'आपल्या गावात ॲनाकोंडा सापडला!' ॲनाकोंडा दक्षिण अमेरिकेतला. ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या दलदलीत राहणारा. तो समुद्र ओलांडून मोरजीच्या किनाऱ्याला लागणार नाही आणि मयेच्या तळ्यातही उगवणार नाही. पण हे सांगायला गेलं की लोक हसतात. 'काय फरक पडतो हो बाई? मोठा साप तो मोठा साप!'

फरक पडतो. कोकणात आणि आमच्या या उत्तर गोव्यात जुनी माणसं अजगराला 'आर' म्हणत. जुनी माणसं त्याला मारतच नव्हती, असा खोटा सोवळेपणा मी मिरवणार नाही. मारत होती. खुराड्यातली कोंबडी गेली, शेरडाचं करडू गेलं, म्हणून मारत होती. ते भांडण शेजाऱ्यातलं होतं, नुकसानीचं होतं. आता ज्याच्यावर दांडे पडतात तो कोंबडीचोर नाही, तो माणूस गिळणारा राक्षस आहे, असं त्या पोरांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. ते कुणी बसवलं? शेतात काम करणाऱ्या आजीनं नव्हे. सिनेमानं बसवलं, आणि त्याच्यामागून कादंबऱ्यांनी. माझं भांडण त्यांच्याशी आहे.

१९९७ साली आलेला 'ॲनाकोंडा' हिंदीत बोलू लागला आणि टीव्हीवर इतक्या वेळा लागला की दोन पिढ्यांचं सर्पज्ञान त्यावरच पोसलं गेलं. त्यातला साप किंचाळतो. सापाला स्वरयंत्रातल्या तारा नसतात, तो फुसकारतो, बस्स. त्यातला साप माणसामागे धावत सुटतो, एक गिळला की दुसऱ्याच्या मागे लागतो, आणि गिळलेला माणूस बाहेर ओकतो तर तो माणूस डोळा मिचकावतो. २००४ साली दुसरा भाग आला. तो घडतो बोर्निओत, जिथे ॲनाकोंडा नाहीतच. दक्षिण अमेरिकेतला साप आशियात नेऊन ठेवताना कुणाला काही अडचण वाटली नाही, कारण त्यांच्या लेखी तो साप नव्हताच. ते एक यंत्र होतं, माणसं गिळणारं.

आता खरा अजगर बघा. आपला भारतीय अजगर सहसा तीन मीटरच्या आसपास असतो, त्याहून फार मोठा क्वचित. विष नाही. चाल इतकी सावकाश की साधं चालणारा माणूसही त्याला मागे टाकेल. तो शिकारीमागे धावत नाही, वाट बघत पडून राहतो. एकदा मोठं भक्ष्य गिळलं की कित्येक दिवस, कधी आठवडे, त्याला दुसरं काही नको असतं. पोट भरल्यावर थांबणं हा त्याचा देहधर्म आहे. सिनेमातल्या सापाचं पोट मात्र कधी भरत नाही. असं न भरणारं पोट निसर्गात कुणाला दिलंय ते पुढे बघू.

विळख्याबद्दलही तेच. पडद्यावर हाडं कडाकडा मोडतात. खरा अजगर हाडं मोडण्यासाठी आवळत नाही. श्वास कोंडून भक्ष्य मरतं असं पुष्कळ वर्षं मानलं जायचं. २०१५ साली बोआ सापांवर झालेल्या प्रयोगात दिसलं की आवळल्यावर काही सेकंदांत भक्ष्याचं रक्ताभिसरण थांबतं. म्हणजे कोंबडीला मान पिरगळून मारणाऱ्या, मासा तडफडत ठेवणाऱ्या आपल्या हातांपेक्षा तो विळखा काही जास्त क्रूर नाही. मी कुणाच्या ताटात डोकावत नाही, फक्त क्रौर्याचा आरोप कोण कुणावर करतंय तेवढं विचारते.

आणि त्या विळख्याची दुसरी बाजू तर एकाही पटकथाकाराला सुचलेली नाही. अजगराची मादी अंडी घातल्यावर त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसते. सुमारे दोन महिने. शिकार जवळपास सोडलेली असते. हवा थंड झाली की ती अंगाचे स्नायू पुन्हा पुन्हा आखडते, सैल करते, थरथरते, आणि त्या थरथरण्यातून उष्णता निर्माण करून अंड्यांना ऊब देते. थंड रक्ताचा प्राणी म्हणून आपण जिला हिणवतो, ती उपाशी राहून स्वतःच्या अंगातून ऊब काढते. ज्या विळख्यानं मारायचं त्याच विळख्यानं उबवायचं. बाळंतिणीची खोली जिनं पाहिली आहे तिला हे समजावून सांगावं लागत नाही. कल्पनारम्य साहित्याला खरंच कल्पना हवी असेल तर यापेक्षा मोठी कोणती हवी? पण त्यांना जबडा हवा असतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं. 'अहो, ती फँटसी आहे. तिला कसले नियम लावता? ड्रॅगनवर कुणी असे लेख लिहितं का?' ड्रॅगनवर लिहीत नाही, कारण ड्रॅगन नाहीच. त्याच्याबद्दल काहीही लिहा, कुणाच्या परसात तो मरणार नाही. अजगर आहे. तुम्ही रचलेल्या खोट्याची किंमत त्याला रोख मोजावी लागते. पीटर बेंचली या लेखकानं १९७४ साली 'जॉज' लिहिली, पुढच्या वर्षी तिच्यावर सिनेमा आला, आणि शार्क म्हणजे सूड घेणारा खुनी ही समजूत जगभर पसरली. तोच बेंचली पुढे आयुष्यभर शार्कच्या संरक्षणासाठी बोलत राहिला, आपण तेव्हा लिहिलं तसं आता लिहू शकणार नाही असं सांगत राहिला. ज्यानं राक्षस घडवला त्यालाच कळलं की राक्षस पुस्तकात राहत नाही. सापाच्या सिनेमावाल्यांमध्ये मला असा एकही बेंचली दिसलेला नाही.

'मग इंडोनेशियात अजगरानं माणूस गिळला ते खोटं का?' हाही प्रश्न हमखास येतो. खोटं नाही. २०१७ आणि २०१८ साली सुलावेसी बेटावर तशा घटना घडल्या. पण तो जाळीदार अजगर, जगातला सर्वांत लांब साप. तो गोव्यात नाही. भारतात तो ईशान्येकडे आणि निकोबारात सापडतो. एका जातीच्या अपवादावरून दुसऱ्या जातीला फाशी, हा कुठला न्याय?

इथे साप माणसं मारतात, हे मात्र खरं आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. हे बळी मुख्यतः घोणस, नाग, मण्यार, फुरसं यांचे. यात अजगर कुठेच नाही. आणि गंमत नव्हे, शोकांतिका बघा. घोणसीच्या अंगावर साखळीसारखे गोल ठिपके असतात, अंग जाड, चाल आळशी. तिला 'अजगराचं पिल्लू' समजून हातात धरणारे लोक आहेत. सिनेमानं त्यांना शिकवलं की धोका म्हणजे आकार. मोठं ते घातकी, लहान ते खेळणं. घोणस लहान, म्हणून ती उचलली जाते. अजगर मोठा, म्हणून तो ठेचला जातो. एकाच अडाणीपणात सापही मरतो आणि माणूसही. म्हणून मी म्हणते, हा करमणुकीचा प्रश्न नाही.

आपल्याकडे भव्य सापांच्या कथा नव्हत्या असं नाही. उलट, आपण त्यात कुणालाही हार गेलो नसतो. महाभारताच्या वनपर्वात भीमाला अजगर विळखा घालतो. दहा हजार हत्तींचं बळ असलेला भीम हलूही शकत नाही. तो अजगर म्हणजे शापानं पडलेला राजा नहुष. युधिष्ठिर येतो, तलवार उपसत नाही, बोलायला बसतो. ब्राह्मण कोण, जन्मानं की आचरणानं, यावर तो सर्प प्रश्न विचारतो, धर्मराज उत्तरं देतो, आणि दोघंही सुटतात. पकडलेला सुटतो आणि पकडणाराही. महाकाय सापाशी चर्चा करण्याची ही कल्पना हॉलिवूडच्या कुठल्या पटकथेत बसेल?

मराठी माणसानं पडद्यावर आणलेला मोठा साप आठवा. दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन', १९१९. त्यांची चिमुकली मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झाली होती. कालियाची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. तो कृष्णाला वेढे घालतो, कृष्ण त्याच्या फण्यांवर नाचतो, नागपत्नी पदर पसरतात आणि कालियाला जीवदान मिळतं. डोह सोडून जा, एवढंच. आपल्या सिनेमाच्या बाल्यावस्थेतला हा महासर्प जिवंत सुटतो. शंभर वर्षांत आपण इतके पुढे गेलो की आता शेवटी सापाचा स्फोट झाल्याशिवाय तिकिटाचे पैसे वसूल होत नाहीत.

परदेशातही सगळे असे नव्हते. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगनं १८९४ साली 'जंगल बुक'मध्ये का नावाचा अजगर रंगवला. लांबी त्यानंही वाटेल तशी ताणली. पण त्याचा का वृद्ध आहे, शहाणा आहे, माकडांच्या तावडीतून मोगलीला सोडवायला तोच येतो. १९६७ साली डिस्नेनं त्याच काला डोळे गरगर फिरवणारा, पोराला झोपवून गिळू पाहणारा विदूषक-खलनायक करून टाकलं. पुस्तकातला मित्र पडद्यावर शत्रू झाला, का तर साप म्हणजे खलनायक, हे गणित प्रेक्षकाला सोपं जातं. दूरदर्शनवर नव्वदच्या दशकात आलेल्या जपानी मालिकेनं मात्र का मित्रच ठेवला, आणि ती पाहून वाढलेल्या आपल्या पोरांचं काही बिघडलं नाही. हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकात प्राणिसंग्रहालयातला बोआ आहे, काचेआड जन्मलेला, आपला देश कधी न पाहिलेला बिचारा. त्याच्याशी हॅरी बोलतो आणि तो सुटतो तेव्हा वाचकाला बरं वाटतं. पण पुढे नागिणी येते. नाव आपल्या भाषेतलं, काम दुष्टाचं. ती मुळात शापित स्त्री होती हे २०१८ च्या चित्रपटात सांगितलं गेलं, पण तोपर्यंत तिचं मुंडकं उडून, टाळ्या वाजून, सगळं आटोपलेलं होतं.

आता आमच्या घरातलं सांगते. जैनांच्या घरात वाढलेल्या मुलीला साप पहिल्यांदा भेटतो तो देवळात, पार्श्वनाथांच्या मूर्तीमागे. कमठानं पेटवलेल्या लाकडातून पार्श्वकुमारानं बाहेर काढलेले होरपळलेले सर्प पुढे धरणेंद्र-पद्मावती झाले, आणि कमठाच्या जीवानं वादळ, पाऊस, दगडांचा मारा केला तेव्हा धरणेंद्रानं ध्यानस्थ पार्श्वनाथांवर फणा धरला. बदामीला, वेरूळच्या जैन लेण्यांत बघा. नुसता फणा नाही, सापाचं शरीर पार्श्वनाथांच्या मागून वेटोळी घेत खाली उतरलेलं आहे. ते वेटोळं आवळणारं नाही, सांभाळणारं आहे. अजगराची मादी अंड्यांभोवती बसते त्याच्याशी हे चित्र जुळतं. डिचोली तालुक्यातल्या कुडणे गावात जैन मंदिराचे अवशेष आहेत. म्हणजे हे वेटोळं इथल्या मातीला परकं नाही.

लगेच कुणी मधुबिंदूची कथा काढेल, काढावीच. रानात हत्ती मागे लागलेला माणूस विहिरीत मुळी धरून लोंबकळतो. खाली आ वासलेला अजगर, चार कोपऱ्यांत चार साप, वर दोन उंदीर मुळी कुरतडताहेत, आणि पोळ्यातून मधाचा थेंब तोंडात पडतोय म्हणून हा माणूस सुटकेचा हात नाकारतो. अजगर म्हणजे नरक, चार साप म्हणजे क्रोध, मान, माया, लोभ. मान्य, इथे अजगर चांगला नाही. पण कथा दोष कुणाला देते? अजगर जागचा हलत नाही. वर चढून कुणाला ओढत नाही. बुडवतो तो मधाचा थेंब, म्हणजे चाटणारा.

आमच्या पण्णवणा सूत्रात तर त्याहून नेमकं सांगितलंय. छातीवर सरपटणाऱ्या पंचेंद्रिय जीवांना तिथे उरपरिसर्प म्हटलंय आणि त्यांचे चार गट केलेत. अहि, अजगर, आसालिका आणि महोरग. अजगर एकाच प्रकारचा, त्याच्यावर फार शब्द खर्च केलेले नाहीत. अवाढव्य देह दिलाय तो आसालिकेला आणि महोरगाला. महोरग मनुष्यलोकाच्या बाहेर ठेवलाय. आणि आसालिका? ती चक्रवर्तींच्या, राजांच्या छावण्यांखाली, गावांखाली, नगरांखाली त्यांच्या विनाशकाळी उत्पन्न होते, बारा योजनांपर्यंत वाढते, जमीन फोडून वर येते आणि अंतर्मुहूर्तात मरते. शास्त्रकारांनी कल्पनेला पुरेपूर मोकळीक दिली, पण तिचं ओझं रानातल्या अजगराच्या डोक्यावर ठेवलं नाही. राक्षसी साप त्यांनी सत्तेच्या तळाखाली दाखवला. फँटसी लिहिणाऱ्यांनी ही एवढी शिस्त शिकावी.

आणि आता ते न भरणारं पोट. डिचोलीत शिरगाव, मुळगाव, पिळगाव या बाजूला डोंगर कुणी गिळले? लोहखनिजासाठी डोंगर उतरवले, खड्डे पाडले, शेतांत लाल गाळ आला, विहिरी आटल्याची ओरड झाली. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं खाणी थांबवल्या, २०१८ साली लीज रद्द केल्या. तेव्हा थांबलं, पोट भरलं म्हणून नव्हे. २०२४ साली डिचोलीत पुन्हा यंत्रं सुरू झाली. पेडण्यात मोपाचा सडा होता. त्यावर आता विमानतळ आहे. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झालं, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली. त्याच्यामागून रुंद रस्ते आले, जमिनींचे सौदे आले, डोंगरउतारांवर इमारती आल्या. खाणीवर घर चालवणाऱ्यांचे हाल मला ठाऊक आहेत, विमानतळानं काहींना नोकरी दिली तेही ठाऊक आहे. मी एवढंच म्हणते की हे होताना तिथे राहणारा अजगर कुठे जाणार होता? तो जातो आपल्या पडवीत, गोठ्यात, खुराड्यात, रात्रीच्या रस्त्यावर. मग आपण मोबाइल काढतो आणि म्हणतो, 'अजगर वस्तीत घुसला.' घुसला कोण? तो होता तिथेच आहे.

म्हणूनच हा पडद्यावरचा राक्षस आपल्याला इतका आवडतो. तो आपला आरोप दुसऱ्याच्या अंगावर ढकलतो. नीट पाहिलं तर त्या सिनेमातही साप नंतर येतो, लोभ आधी. पहिल्या भागात साप पकडून पैसे करू पाहणारा शिकारी, दुसऱ्या भागात आयुष्य वाढवणारं फूल तोडायला निघालेली कंपनीची माणसं. पण शेवटी मरायचा साप. लोभ पुढच्या भागाची तयारी करतो.

आमच्या समाजालाही दोन शब्द सुनावल्याशिवाय मला राहवत नाही. कबुतरांना दाणे, गाईंना पांजरपोळ, मुंग्यांना साखर, हे आपण हौसेनं करतो. अजगराचं नाव काढलं की काही जण म्हणतात, 'तो मांसाहारी. त्याला वाचवलं तर तो मारील त्या उंदरांचं पाप आपल्याला.' छान हिशेब आहे! मग उंदीर-घुशी वाढल्या की दुकानात विषाच्या गोळ्या ठेवता, ते पाप कुणाच्या खात्यावर? अजगर त्याच्या देहधर्मानं खातो, भुकेपुरतं खातो. आपली अहिंसा त्याला व्रत घ्यायला लावण्यासाठी नाही, आपला हात आवरण्यासाठी आहे. आणि ज्या नागपंचमीला शेजारपाजारी मातीच्या नागाला लाह्या वाहतात, सातेरीच्या वारुळापुढे हात जोडतात, त्यांनाही विचारावंसं वाटतं. विषारी नागाला पूजा आणि बिनविषारी अजगराला दांडा, ही श्रद्धा आहे की भीती?

कायद्यानं अजगराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत घातलंय, वाघाच्या पंगतीला. त्याला मारणं गुन्हा आहे, हातात धरून फोटो काढणंही. पण कायद्याआधी साधी रीत कळायला हवी. फुगलेल्या पोटाचा अजगर दिसला तर तो पळू शकत नाही. गर्दी जमली, काठीनं ढोसलं की घाबरून तो गिळलेलं ओकून टाकतो. कित्येक दिवसांचं अन्न गेलं, शक्ती गेली. आणि त्या ओकण्याचाच व्हिडिओ सर्वांत जास्त फिरतो. तेव्हा लांब राहा, पोरांना, कुत्र्यांना लांब ठेवा, वनखात्याला किंवा प्रशिक्षित सर्पमित्राला फोन करा. कोंबडी गेली असेल तर खुराड्याला बारीक जाळी मारा. एवढंच.

लेखकांना, मालिकावाल्यांना, मुलांसाठी गोष्टी रचणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं वेगळं आहे. महाकाय साप लिहा, जरूर लिहा. त्याला डोंगराएवढा करा, बोलू द्या, शाप द्या, वर द्या. पण त्याच्या तोंडात माणसाची हाव कोंबू नका. हावेची गोष्ट सांगायची असेल तर तिचा मालक दाखवा, त्याचं नाव घ्या. पेडण्या-डिचोलीत तो शोधायला रानात जावं लागणार नाही.